फणसावरचं लिंपण

लाकूड आपोआप चिरतं तेव्हा फार मोठा आवाज होत नाही. टक्, एवढंच होतं. ज्याचा त्याच्याशी संबंध नाही त्याला वाटतं पाल चुकचुकली असेल, नाहीतर कौलावर आंब्याची काटकी पडली असेल. मला तसं कधीच वाटत नाही. मी जेवत असू दे, फोनवर बोलत असू दे, नाहीतर कुणाच्या बारशात पाळण्याची दोरी हातात असू दे, माझा एक कान घरामागच्या शेडकडे लागलेला असतो. आमचे हे एसटीत चालक होते, आता निवृत्त झालेत. ते म्हणतात, "तुझा धंदा लाकडात कोरायचा नाहीच मुळी. तुझा धंदा काळजी करायचा. लाकूड आपलं निमित्ताला."

त्यांचं खोटं नाही. ज्यांना आमच्या कामातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. झाड कापलं की त्याच्यातलं पाणी सुकायला लागतं. बाहेरचा भाग आधी सुकतो आणि आवळतो, आतला भाग ओलाच असतो, तो जागचा हलत नाही. मग बाहेरचं लाकूड ताण सहन न होऊन फाटतं. तुम्ही तीन महिने खपून गणपतीची सोंड काढलेली असते आणि भेग जाते बरोबर कपाळातून. सगळ्यात जास्त पाणी जातं ते फांदी जिथे कापली त्या उघड्या तोंडातून. म्हणून झाड कापल्याबरोबर त्या तोंडांवर शेण आणि माती कालवून जाड थर द्यायचा. पाणी सावकाश जातं, लाकूड शांतपणे सुकतं. हल्ली बाजारात त्यासाठी मेण मिळतं, डबाबंद लेपही मिळतात. माझा हात मात्र शेणमातीवरच बसलाय. माझे वडील कडाव गावचे सुतार. नांगर, बैलगाड्या, दाराच्या चौकटी हे त्यांचं काम. ते मला सांगायचे, "भेग दिसली की आधी बुजव, विचार मागनं कर." त्यांचं हे सांगणं मी जन्मभर पाळलं, आणि एकदा नको तिथे पाळलं. ही हकिगत त्या एका वेळेची आहे.

त्याआधी मी काय करत होते तेही सांगायला हवं. खालापूरच्या बाजूला फार्महाऊसं वाढत गेली तशी माझ्याकडे कामं वाढत गेली. फाटकावर घोड्याची तोंडं, ओसरीत हत्ती, दिवाणखान्यात पंख पसरलेला गरुड. गरुड तर मी इतके केले की डोळे मिटून करीन. एका बाईंनी मोठ्या हौसेने घुबड करून घेतलं. नेऊन लावलं तर त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, हे अशुभ ध्यान दारात नको. बाईंनी मला बोलावून विचारलं, याचा पोपट होईल का? मी कानांवरचे तुरे तासले, चोच वाढवायला वेगळा तुकडा बसवला, हिरवा रंग दिला. तो पोपट अजून त्यांच्या फाटकावर आहे आणि अजून घुबडासारखाच बघतो.

अशा कामावर पोट चालत होतं, पण मन धास्तावलेलं असायचं. हेच करत आपण संपणार, ही ती धास्ती. एकदोन प्रदर्शनांत मी काम मांडलं होतं, तिथल्या पत्रकात माझ्याविषयी छापून आलं होतं, 'निसर्ग हाच माझा गुरू.' ते वाक्य मीच दिलं होतं. खरं सांगायचं तर मी रानात जायची ती बाजारात गेल्यासारखी. हे शिवणीचं खोड चांगलं आहे, यातून बसलेली बाई निघेल. ही सागाची मुळी वळलेली आहे, हिचा साप होईल. गुरूकडे कुणी अशा नजरेने बघतं का?

आणि मग ते काम आलं. कर्जतमधल्या एका वाचनालयाची नवी इमारत व्हायची होती. त्यांचे अध्यक्ष एक निवृत्त गुरुजी होते. ते माझ्या शेडमध्ये आले, सगळं फिरून पाहिलं आणि म्हणाले, "दारातून आत आल्यावर समोर एक मोठं लाकडी शिल्प हवंय. काय करायचं ते तुम्ही ठरवा. फक्त गरुड नको."

इतक्या वर्षांत मला 'तुम्ही ठरवा' असं कुणी म्हटलं नव्हतं. गुरुजी गेल्यावर मी पायरीवरच बसले. आनंद झाला होता, पण लगेच हिशेब करायला लागले. उद्घाटन पावसाळ्याच्या आधी होतं. एवढं मोठं आणि सुकलेलं खोड आणायचं कुठून?

ते खोड मला कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याच्या एका ठाकरवाडीत मिळालं. काळूराम आणि त्याची बायको सोनी यांना मी पुष्कळ वर्षं ओळखते. त्यांच्या बांधावर एक जुना फणस होता. वादळात त्याचा शेंडा मोडला आणि झाड उभ्या उभ्या वठलं होतं. उभं वाळलेलं फणसाचं खोड म्हणजे आमच्या धंद्यात घबाडच. सोन्यासारखा पिवळा रंग, कोरायची पटाशी लोण्यातून जावी तशी जाते. काळूराम म्हणाला, "न्या ताई. तसं पन घरावर पडंल एक दिस." परवानगीचा कागद होईपर्यंत आम्ही पौषात फक्त वरच्या फांद्या उतरवल्या. मी शिडीवर चढून प्रत्येक तोंडावर शेणमाती लिंपली. बुंध्यावर जिथे जिथे बारीक चीर दिसली तिथेही लिंपली. खोड होळीनंतर पाडायचं ठरलं.

होळी झाली तशी मला स्वस्थता राहिली नाही. ऊन तापायला लागलं होतं. लिंपण सुटलं असलं तर सगळं खोड उलेल, हे एकदा मनात आलं की पुढे दुसरं काही सुचत नाही. मी स्कूटी काढली आणि न कळवताच वाडीवर गेले. काळूराम कामावर गेला होता, सोनी पाण्याला. मी त्यांच्या गोठ्यातलं शेण घेतलं, बांधावरची माती कालवली, शिडी लावली आणि वर चढले.

माझी शंका खरी होती. बऱ्याच ठिकाणी लिंपण तडकलं होतं. ते मी नीट केलं. बुंध्याच्या मध्यावर, जिथे पूर्वी कधीतरी फांदी तुटून ढोली झाली होती, तिथे लिंपणात एक उभी फट पडली होती. बोटभर रुंदीची. या ढोलीवर मी पौषात लिंपलं होतं का, ते मला आठवेना. पण लिंपण आहे म्हणजे मीच केलं असणार, दुसरं कोण करायला येणार? मी त्या फटीत शेणमाती भरली, अंगठ्याने आत दाबली आणि वरून हात फिरवून सारखं केलं. आत काहीतरी खरखरल्यासारखं झालं. पाल असेल म्हणून मी सोडून दिलं.

खाली उतरले तोवर सोनी हंडा घेऊन आली होती. "झालं का ताई?" तिने विचारलं.

"झालं. पुढच्या आठवड्यात करवत घेऊन येते," मी म्हटलं आणि तिचं पुढचं ऐकायला न थांबता निघाले.

संध्याकाळी घरी हात धुताना नखातली माती निघेना म्हणून काडीने काढत बसले. मातीत बारीक बिया होत्या. उंबराच्या. मी कालवलेल्या मातीत बिया कुठून येणार? मग एकेक आठवायला लागलं. ढोलीवरचं लिंपण माझ्या मातीसारखं तांबडं नव्हतं, काळपट होतं. त्याच्या खाली खोडावर पांढरे ओघळ होते, ते मी बुरशी समजले होते. झाडाखाली बियांचा सडा होता, तो शेळ्यांनी केला असेल असं समजले होते. आणि ती पाल. पाल खरखरते, पण अंगठा आत गेल्यावर उलट ढकलत नाही. मला ढकलल्यासारखं वाटलं होतं. म्हणजे आत कुणीतरी होतं.

काळूरामला फोन लावला. वाडीत रेंज नसते, मला ठाऊक होतं, तरी लावत राहिले. हे म्हणाले, "आता अंधार पडलाय, सकाळी जा. पक्षी असेल तर असेल, एका रात्रीत काय होतंय?" एका रात्रीत काय होतं हे बंद ढोलीत बसलेल्याला विचारायला हवं, असं मी म्हणणार होते, पण नाही म्हटलं. त्यांच्यावर कशाला चिडायचं?

सकाळी मी पोचले तेव्हा काळूराम आणि सोनी झाडाखाली उभे होते. शेजारच्या ऐनाच्या झाडावर एक करडा धनेश बसला होता. वाकडी मोठी चोच, चोचीत उंबर. तो उडून खोडाला बिलगला, लिंपणावर चोच आपटली, फडफडला, पुन्हा ऐनावर गेला. जाताना ओरडला. हा पक्षी माणूस हसावा तसा ओरडतो. त्या सकाळी ते हसणं माझ्या काळजात गेलं.

काळूरामने माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, काल तुमी काय केलंत ओ?"

"लिंपलं," मी म्हटलं.

"आवो, आत मादी हाय! ती सोताच आतनं लिंपून बसती. तिची पिसं गळतात, उडता येत नाय. अंडी घालून बसती ती पिल्लं मोठी होईस्तोवर. नर त्या फटीतनं चारतो तिला."

"मग मला सांगायचं नाही का?"

"होळीच्या टायमाला बसली ती. तुमी याल तवा सांगनार हुतो, की आता झाड पाडू नका. तुमी तर आमी नसताना येऊन गेलात. आन फट बुजवाल हे मला काय ठाव? फट कोन बुजवतं?"

फट बुजवण्यावरच माझा जन्म गेला होता.

काळूराम कोयता घेऊन शिडीकडे निघाला तशी सोनीने त्याला धरलं. "सगळं नको फोडू रं! उघडं पडलं तर माकडं हात घालतील. जेवढी फट हुती तेवढीच करा." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुमीच करा. तुमचा हात बारीक हाय."

मी स्कूटीच्या डिकीतून सगळ्यात लहान पटाशी काढली. हातोडा घेतला नाही. शिडीवर चढले. माझं लिंपण रात्रीत कडक झालं होतं, आणि मी ते इतकं सफाईने केलं होतं की फट नेमकी कुठे होती तेच कळेना. माझ्या चांगल्या हाताचा मला त्या दिवशी जेवढा राग आला तेवढा कधी आला नाही. जास्त दाबलं तर पटाशी आत जाऊन तिला लागेल. वरवर खरवडत बसले तर वेळ जाईल, आणि आत किती हवा उरली असेल कुणाला ठाऊक. मी खोडाला कान लावला. आयुष्यभर लाकडातून आवाज येऊ नये म्हणून मी कान लावून बसले होते. त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं, येऊ दे. काहीही येऊ दे. आतून काही आलं नाही.

मी हळूहळू कोरत गेले. तांबडी माती संपून काळपट माती लागली की थांबायचं, जरा बाजूला सरकायचं, पुन्हा कोरायचं. असं करत तांबड्या मातीची ती उभी रेघ सापडली. ती दोरीच्या जाडीची झाली, मग बोटाएवढी. पटाशीचं टोक एकदम मोकळं झालं आणि आतून आंबूस, कोंदट वास आला. मी थांबले. सोनी खालून विचारत होती, "हाय का? हाय का ताई?" आत अंधार होता, हालचाल नव्हती.

आणि मग पटाशीवर खट्कन चोच बसली. इतक्या जोरात की पटाशी हातातून सुटून खाली पडली आणि काळूराम उडी मारून बाजूला झाला. "हाय! जितीच हाय!" सोनी ओरडली. मी शिडीवरच रडायला लागले. खाली कशी उतरले ते आठवत नाही.

पण काळजी संपली नव्हती. नर कुठे दिसेना. माणसांची एवढी गडबड पाहून तो पळून गेला असला तर? त्याने आता यायचंच नाही असं ठरवलं असलं तर? ती आत, पिसं गळालेली, चारणारं कुणी नाही. आम्ही घरामागे जाऊन बसलो. सोनीने कोरा चहा केला, तो कपातच निवला. दूर डोंगराकडून ते हसणं ऐकू यायचं आणि विरून जायचं. दुपार कलली. काळूराम म्हणाला, "यील. न येऊन जातोय कुठं?" पण तोही बोटं मोडत बसला होता.

तो आला. ऐनावर बसून त्याने किती वेळ मान तिरकी करून नव्या फटीकडे पाहिलं. मग खोडाला बिलगला, चोच फटीशी नेली आणि उंबर खाली पडलं. मी सोनीचा हात घट्ट धरला. त्याने मान मागे टाकली, घशातून दुसरं उंबर चोचीत आणलं आणि आत दिलं. ते पडलं नाही. आतून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींकडे गेले. झाड मेअखेरपर्यंत पाडता येणार नाही असं सांगितलं, कारणही सांगितलं. पाहिजे तर दुसरं लाकूड शोधते म्हटलं, पण ते एवढ्यात सुकणार नाही आणि तुमच्या दारात उभं चिरेल, हेही सांगून टाकलं. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. "मला पटतंय हो," ते म्हणाले, "पण समितीला तारीख पाळायचीय." तिथे आता फायबरचं एक मोठं उघडं पुस्तक आहे. त्या रस्त्याने जाताना मी मान फिरवते. मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं. तशी संधी माझ्याकडे पुन्हा आली नाही.

त्या चैत्र-वैशाखात मी वाडीवर जात राहिले. या वेळी पटाशी न घेता. पेंढ्याच्या उडवीआड बसायचं आणि बघायचं. आजवर मी पक्षी केले ते सगळे पंख पसरलेले, बाहेर निघालेले. इथे पक्षी दिसतच नव्हता. दिसायची ती फट, आणि क्वचित तिच्यातून चोचीचं टोक. पण त्या टोकावरून आत कुणीतरी पूर्ण आहे, जागं आहे, हे कळायचं. एकदा डोंगराला वणवा लागला. धूर वाडीपर्यंत उतरला आणि नर दिवसभर फिरकला नाही. वाडीतली माणसं ओल्या फांद्या घेऊन जाळ झोडपायला गेली, आणि मी म्हातारी त्या फटीकडे बघत बसले. संध्याकाळी तो आला, काळवंडलेला, चोचीत एक सरडा घेऊन. मी त्याला मोठ्याने म्हटलं, "अरे, किती उशीर!"

मेच्या शेवटी काळूरामचा निरोप आला, लिंपण फुटलंय, सगळी गेली उडून. मी गेले, शिडी लावली. ढोलीच्या कडेला लिंपणाचा थोडा भाग शिल्लक होता. बाहेरच्या बाजूला माझ्या पटाशीच्या खुणा सरळ आणि स्वच्छ दिसत होत्या. आतल्या बाजूला मात्र तिने त्यावर पुन्हा काम केलं होतं. माझी फट तिला रुंद वाटली असावी. दोन्ही कडांना आतून लेप देऊन तिने ती हवी तेवढी अरुंद केली होती, आणि माझी धारदार कड चोचीने गोल केली होती. मी तिथे बोट फिरवत बराच वेळ उभी राहिले.

"आता कापा की," काळूराम खालून म्हणाला.

"राहू दे, काळूदादा."

"पावसात पडंल ओ ते."

"पडेल तेव्हा पडेल."

पौषात उतरवलेली एक जाड फांदी माझ्याकडे होती. तिच्यातून मी एक खोड केलं आणि त्याला एक उभी फट ठेवली. आत चोच कोरली आहे, पण ती दिसत नाही. बोट घातलं तरच लागते. लोक बोट घालतात आणि दचकून मागे घेतात. ते कुणी विकत घेतलं नाही. मीही विकायची घाई केली नाही. त्यानंतरची माझी कामं थोडीबहुत याच वाटेने गेली. गरुडही अजून करते, पोट आहे ना. पण आता पटाशी लावण्याआधी आत काय आहे याचा विचार करते, आणि भेग दिसली तर लगेच बुजवायला धावत नाही. वडिलांना हे आवडलं नसतं.

फणस अजून उभा आहे. मुळं कुजत चाललीत, दर पावसाळ्यात एखादा ढलपा निघून येतो. आणि धनेश दर वर्षी त्याच ढोलीत येतात, त्यामुळे माझ्या काळज्यांत एकीची भर पडली आहे. फाल्गुन आला की मी कुणाशी धड बोलत नाही. या वर्षी होळी झाली, पाडवा जवळ आला, तरी काळूरामचा फोन नव्हता. झाड पडलं असेल का? नराला कुणी मारलं असेल का? मी फट बुजवली होती ते यंदा त्यांना आठवलं असेल का? स्कूटीची किल्ली दोनदा हातात घेतली आणि परत ठेवली.

मग एका दुपारी फोन वाजला. रेंज मिळावी म्हणून काळूराम टेकडी चढून आला होता, त्याला धाप लागली होती.

"ताई, लिंपलंय."

"नक्की? नीट पाहिलंत?"

"पायलं. फट हाय बोटभर. नर चारतोय." मागून सोनी त्याला काहीतरी सांगत होती. "ही म्हनती, बघायला या. पन येताना हात रिकामं आना."